भिंत आधी की शिटी आधी? कळव्यातल्या रुळालगतच्या एका सोसायटीचे प्रकरण

कळवा स्थानकाच्या पुढे, मुंब्र्याच्या अंगाला, रुळांलगत एक गृहनिर्माण सोसायटी आहे. स्टिल्टवर सात मजले. सर्वांत जवळच्या मार्गाच्या मध्यापासून बेडरूमच्या खिडक्या २५ मीटरवर, आणि रूळ व इमारतीची जमीन जवळपास एकाच पातळीत. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून समोर सहा मार्ग आहेत. लोकल मध्यरात्रीनंतर काही तास थांबतात. मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या थांबत नाहीत. सर्वसाधारण सभेत ठराव एकमताने झाला: रेल्वेने ध्वनिरोधक भिंत बांधून द्यावी.

ही सोसायटी नमुन्यादाखल बेतलेली आहे आणि तिच्या खिडकीतले आवाजाचे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. नियम आणि गणित मात्र जसेच्या तसे आहे. ते मांडले की दिसते, ठराव चुकीच्या टोकाकडून सुरू झाला आहे.

आधी कायदा, कारण अर्ज कुठे आणि कशाच्या आधारावर करायचा ते त्यावर ठरते. ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० मध्ये निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते ६. ही मर्यादा एका क्षणाच्या आवाजाला नसून त्या पूर्ण काळाच्या सममूल्य पातळीला, म्हणजे एलईक्यूला आहे: चढउतार करणाऱ्या आवाजाची सगळी ऊर्जा त्या काळात एकसारखी पसरवल्यावर येणारा आकडा. मर्यादांच्या तक्त्यात रेल्वेसाठी वेगळी ओळ नाही. औद्योगिक, व्यापारी, निवासी आणि शांतता क्षेत्र एवढ्या चारच वर्गवाऱ्या आहेत, आणि आवाज कोणाचाही असो, मोजायचा तो त्यांच्याच पट्टीने.

नियम ७ प्रमाणे तक्रारीला बळ येते ते पातळी मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त वर गेली तर. म्हणजे या सोसायटीसाठी रात्रीचा उंबरठा ५५. ४९ किंवा ५२ मोजून नेले तर मर्यादा मोडल्याचे सिद्ध होते, तरी या मार्गाने पुढे फारसे सरकता येत नाही. दुसरा दरवाजा आहे तो रात्रीच्या निर्बंधांचा. २०१० च्या दुरुस्तीने आलेला नियम ५अ सांगतो की निवासी भागात रात्री हॉर्न वाजवायचा नाही, सार्वजनिक आणीबाणीचा अपवाद सोडून. या दरवाजाला १० डेसिबलची अट नाही. यावर रेल्वेचे ठरलेले उत्तर येते: शिटी ही रेल्वेच्या सामान्य नियमांतली सुरक्षेची तरतूद आहे. ते उत्तर पोकळ नाही, म्हणून ‘शिटी बंद करा’ असा सरसकट अर्ज पहिल्याच फेरीत पडतो. त्याऐवजी काय मागायचे ते पुढे येते.

दोन गोष्टी अर्जापूर्वीच हातात हव्यात. पहिली, ठाणे महापालिकेच्या शहर विकास विभागाचा झोन दाखला. रुळालगतचा पट्टा निवासी नाही, संमिश्र आहे, असा मुद्दा निघाला की सगळी चर्चा वर्गवारीतच अडकते. दुसरी, इमारतीच्या बांधकामाच्या वेळचे रेल्वेचे ना-हरकत पत्र. रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत बांधायचे तर ते लागतेच. त्यात आवाज-कंपनाची जबाबदारी विकासकावर टाकणारी अट आहे का, हे सोसायटीने रेल्वेच्या आधी वाचलेले बरे. जवळ रुग्णालय आहे म्हणून आपण शांतता क्षेत्रात येतो असे धरून चालू नये. २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य शासनाने जाहीर केल्याशिवाय शांतता क्षेत्र होत नाही.

आता मोजमाप. मोबाइलवरचे ॲप गाड्यांच्या वेळा टिपायला ठीक, पुरावा म्हणून शून्य. क्लास १ चा ध्वनिमापक लागतो, मोजणीआधी आणि नंतर ९४ डेसिबलच्या कॅलिब्रेटरने, म्हणजे ठरलेल्या पातळीचा आवाज काढणाऱ्या उपकरणाने, तपासलेला, आणि दोन्ही नोंदी अहवालात हव्यात. मान्यताप्राप्त प्रयोगशाळा घ्यावी. जमल्यास महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या क्षेत्र अधिकाऱ्याला संयुक्त मोजणीसाठी लेखी बोलवावे. आले नाहीत तरी बोलावल्याची पोच कामाला येते. मायक्रोफोन खिडकीबाहेर १ मीटर काढून लावला तर भिंतीवरून परतणाऱ्या आवाजाने आकडा साधारण ३ डेसिबलने फुगतो. तो आपणच वजा करून दाखवावा, नाहीतर समोरचा तज्ज्ञ तेवढ्यावरच अहवाल फेकून देतो. दुसऱ्या मजल्यावर एक आणि सहाव्यावर एक, असे दोन मापक एकाच वेळी हवेत. का, ते भिंतीच्या हिशेबात कळेल.

किमान दोन साध्या, कामाच्या दिवसांच्या रात्री घ्याव्यात. मेगाब्लॉकचा रविवार नको, गणपती-दहीहंडीचे दिवस नकोत, पाऊस किंवा जोराचा वारा असेल ती रात्र नको. जूनमध्ये पहिल्या सरीनंतर बेडूकच ४५ च्या वर जातात, हे ठाण्यात मोजणी करणाऱ्यांना ठाऊक असते. गच्चीवर एक माणूस वही घेऊन बसवावा: गाडीची वेळ, मार्ग जवळचा की लांबचा, लोकल की मेल की माल, शिटी वाजली का, किती सेकंद. ही वही नसेल तर मापकातली फीत नुसती उंचसखल रेघ राहते आणि कोणत्या उंचवट्याला कोण जबाबदार ते सांगता येत नाही. मापकावर फक्त एलईक्यू घेऊन थांबू नये. प्रत्येक गाडीची कमाल पातळी आणि एसईएल, म्हणजे त्या गाडीची सगळी ध्वनिऊर्जा एका सेकंदात कोंबल्यावर येणारा आकडा, हे दोन्ही काढावेत. पुढचा सगळा हिशेब एसईएलवर चालतो.

समजा रात्री १० ते ६ मध्ये ४० गाड्या गेल्या. २० जवळच्या मार्गांवरून, खिडकीपाशी प्रत्येकी एसईएल ९१. २० लांबच्या मार्गांवरून, प्रत्येकी ८८. त्यांतल्या आठ गाड्यांनी, चार जवळच्या आणि चार लांबच्या, इमारतीसमोर शिटी दिली, आणि शिटीसकट त्यांचा एसईएल १०० झाला. आठ तासांचे २८,८०० सेकंद. त्याचे लॉगॅरिदम काढून दहाने गुणले की ४४.६. सगळ्या गाड्यांची ऊर्जा बेरजेत घेऊन, पुन्हा डेसिबलमध्ये आणून त्यातून ४४.६ वजा केले की रात्रीची पातळी मिळते: ६५.८ डेसिबल. ५५ च्या उंबरठ्याच्या चांगलीच वर.

आता या बेरजेची फोड करा. शिटी न देणाऱ्या ३२ गाड्या मिळून एकूण ऊर्जेच्या जेमतेम २७ टक्के. उरलेले ७३ टक्के त्या आठ गाड्यांचे. सभेत कोणी विचारले असते तर सगळ्यांनी उलटे सांगितले असते, कारण खडखडाट रात्रभर ऐकू येतो आणि शिटी दोन-तीन सेकंदांत संपते. डेसिबल हे प्रमाण लॉगॅरिदमचे आहे. ९ ते १२ डेसिबलने जास्त असलेली एक गाडी आठ ते सोळा साध्या गाड्यांएवढी भरते.

या रात्रीवर नुसती भिंत घालून पाहू. रुळाच्या पातळीपासून ३ मीटर उंच, जवळच्या मार्गाच्या मध्यापासून ४ मीटरवर. चाक-रुळाच्या आवाजाचा उगम अर्ध्या मीटरवर धरायचा. दुसऱ्या मजल्याची खिडकी ७.५ मीटर उंचीवर आहे. तिच्यापर्यंत थेट अंतर २५.९६ मीटर, भिंतीच्या माथ्यावरून वळसा घेऊन २६.१९ मीटर, वळसा २३ सेंटिमीटरचा. वळसा जितका मोठा तितका आवाज जास्त अडतो; एवढ्यावर ९ डेसिबल कमी होतील असे धरायला हरकत नाही. चौथ्या मजल्यावर, १३.५ मीटरवर, हाच वळसा जेमतेम २ सेंटिमीटर उरतो. आणि १६ मीटरच्या वर, म्हणजे पाचव्यापासून, खिडकीतून चाके सरळ दिसतात. चाके दिसली की भिंत नसल्यातच जमा.

हे झाले जवळच्या मार्गाचे. लांबचा मार्ग भिंतीपासून २४ मीटर मागे आहे, त्यामुळे त्याच्याकडून येणारी रेषा भिंतीच्या माथ्यावरून सहज निघून जाते. त्या गाड्यांपासून भिंत वाचवते ते फक्त ५.२ मीटर उंचीपर्यंत, म्हणजे एकटा पहिला मजला. सहा मार्गांच्या पट्ट्यावर एका कडेला भिंत बांधण्याची ही मूळ अडचण आहे, आणि दोनच मार्ग असलेल्या शहरांतली चित्रे दाखवून ती सुटत नाही. मधल्या जागेत भिंत घालावी तर रेल्वेच्या शेड्यूल ऑफ डायमेन्शन्सप्रमाणे (मोजमापांच्या नियमावलीप्रमाणे) लागणारे मोकळे अंतर तिथे मिळत नाही. शिटीचे तर विचारायलाच नको. विद्युत इंजिनाचा हॉर्न छपराजवळ, साधारण ४ मीटरवर असतो. ३ मीटरची भिंत त्याच्या खालीच राहते.

म्हणून शिटी देणाऱ्या गाड्यांवर भिंतीचा परिणाम शून्य धरला तर दुसऱ्या मजल्यावर नुसत्या भिंतीनंतरचा आकडा येतो ६५.१. कोट्यवधींचे काम, आणि फायदा ०.७ डेसिबल. कानाला तो कळणारही नाही. उलट भिंत नाही, पण त्या आठ शिट्या गेल्या, तर पातळी ६१.२ वर येते. ४.६ डेसिबलचा फरक, आणि तोही सातही मजल्यांना.

शिटी का वाजते, हा म्हणून या प्रकरणाचा गाभा. मुख्य कारणे चार-पाच. गाडी सुटताना शिटी देणे नियमाने आहे. बोगद्यात शिरताना आहे, त्यामुळे पारसिक बोगद्याच्या तोंडाशी राहणाऱ्यांना हा उपाय तितकासा लागू नाही. रुळांवर काम करणाऱ्या टोळीला इशारा म्हणून आहे. त्यावर हरकत घेणे म्हणजे ट्रॅकमनच्या जिवावर हरकत घेणे, ते करू नये. फाटकाआधीच्या शिटी-फलकावर आहे. आणि समोर माणूस रूळ ओलांडताना दिसला तर आहे.

शेवटच्या दोन कारणांत सोसायटीला काम आहे. खारेगावचे फाटक २०२२ मध्ये उड्डाणपूल झाल्यावर बंद झाले. फाटक गेले की त्याच्यासाठी लावलेला फलकही जायला हवा. कुठेतरी जुना फलक उभा राहिला असेल तर लोको पायलट त्यापाशी इमानाने शिटी देत राहणार, त्याला दोष देता येत नाही. माहितीच्या अधिकारात विचारायचे ते एवढेच: कळवा ते मुंब्रा दरम्यान शिटी-फलक कोणत्या किलोमीटरवर आहेत, प्रत्येकाचे कारण काय, शेवटचा आढावा कधी झाला. ‘ध्वनी प्रदूषणाबाबत काय कार्यवाही केली’ असा मोघम प्रश्न टाकला तर मोघम उत्तर ठरलेले.

रूळ ओलांडणारे हे मोठे कारण, आणि इथे गोष्ट जरा अवघड होते. रेल्वेच्या हद्दभिंतीला जिथे खिंडार आहे त्या ठिकाणी रात्री साडेअकरानंतर अर्धा तास उभे राहिले तर स्थानकाचा वळसा वाचवून घरी येणारे बरेचसे त्याच सोसायट्यांचे रहिवासी निघतात. वहीतल्या शिट्यांच्या वेळा आणि खिंडारातून ये-जा होण्याच्या वेळा शेजारी मांडा. जुळल्या तर मागणीचा मसुदा आपोआप बदलतो. खिंडार बुजवणे, त्या टप्प्यात भिंत उंच करणे, आणि लोकांना खरोखर सोयीचा पडेल असा पादचारी पूल. पूल लांब असेल तर बुजवलेले खिंडार महिन्याभरात पुन्हा पडते, म्हणून दोन्ही एकत्र मागावे. पुलाचे काम रेल्वे आणि महापालिका दोघांच्या खात्यात येते, तेव्हा पत्राची प्रत नगरसेवकाला नव्हे, थेट आयुक्तांना.

विभागीय रेल्वे व्यवस्थापक, मध्य रेल्वे, मुंबई विभाग यांना जाणाऱ्या पत्रातला मुख्य परिच्छेद असा असावा:

‘महोदय, सोबतच्या मोजणीनुसार आमच्या इमारतीसमोर रात्री १० ते ६ दरम्यानची पातळी ६५.८ डेसिबल असून तिच्यातील ध्वनिऊर्जेचा जवळपास तीन चतुर्थांश भाग शिटी देणाऱ्या आठ गाड्यांचा आहे. वेळा व मार्ग परिशिष्टात आहेत. सुरक्षेसाठी आवश्यक शिटीला आमची हरकत नाही. बंद झालेल्या फाटकासाठीचे शिटी-फलक काढावेत, हद्दभिंतीतील खिंडार बंद करावे आणि अनावश्यक दीर्घ शिटी टाळण्याबाबत मोटरमन व लोको पायलट यांना सूचना द्यावी, ही विनंती. तीन महिन्यांनी संयुक्त फेरमोजणी व्हावी.’

प्रत पोलीस आयुक्त, ठाणे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ठाणे प्रादेशिक कार्यालय यांना. नियमांप्रमाणे जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा उपअधीक्षकाच्या दर्जाचा अधिकारी हा ‘प्राधिकारी’ असतो. स्थानिक पोलीस चौकीतून ‘हे रेल्वेचे आहे, तिकडे जा’ आणि लोहमार्ग पोलिसांकडून ‘आमच्याकडे फक्त गुन्हे’ असे ऐकून परतायची वेळ त्यामुळे टळते. काहीच हलले नाही तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पुण्याचे खंडपीठ आहे. ध्वनिनियम पर्यावरण संरक्षण कायद्याखाली येत असल्याने ते तिथे चालतात. पण कलम १४ खालच्या अर्जाला कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत आहे, वर जास्तीत जास्त साठ दिवसांची सवलत. पत्रव्यवहार करता करता ही मुदत उलटून जाते. प्रकरणे तिथेच सर्वांत जास्त गळतात.

शिटीनंतर रूळ. खडखडाटाचा मोठा भाग चाक आणि रूळ यांच्या खरबरीतपणातून येतो. लाँग वेल्डेड, म्हणजे सांधे वितळवून सलग जोडलेल्या, रुळावर तो एकसारखा घोंगावतो. जोड, ग्लूड जॉइंट (चिकटवलेला विद्युतरोधक सांधा), पॉइंट किंवा क्रॉसओव्हर (गाडी मार्ग बदलते ती जागा) आला की ठोका बसतो आणि त्या जागेपाशी साधारण ५-६ डेसिबल वाढतात. इमारतीसमोरच ‘टक-टक, टक-टक’ असा जोडीचा ठोका प्रत्येक गाडीला येत असेल तर दोष रुळाचा. एखाद्याच डब्याला सलग ‘डब-डब-डब’ येत असेल तर त्या चाकाला सपाट जागा पडली आहे, ब्रेक लागून चाक घसरल्याने. हा भेद वहीत लिहिला की पी-वे विभागाच्या, म्हणजे रुळांची देखभाल करणाऱ्या विभागाच्या, सेक्शन इंजिनीअरशी बोलणे सोपे होते. त्यांना डेसिबलपेक्षा किलोमीटर आणि ओएचई (वरच्या विद्युत तारेच्या) खांबाचा क्रमांक जास्त कळतो. खचलेला जोड उचलणे, खडी भरून टॅम्पिंग करणे (ती रुळाखाली ठोकून घट्ट करणे), माथा झिजलेला ग्लूड जॉइंट बदलणे ही नेहमीच्या देखभालीतली कामे आहेत. त्यांना नवा प्रकल्प मंजूर करावा लागत नाही. रुळाच्या माथ्यावर लहरी पडल्या असतील तर त्या घासून काढणाऱ्या ग्राइंडिंग मशीनची मागणी करावी. मशीन आणि टॅम्पिंग दोन्ही रात्रीच्या ब्लॉकमध्येच चालतात, तेव्हा त्या रात्री भयंकर आवाज होणार. सोसायटीत आधी सूचना लावून ठेवावी, नाहीतर आपल्याच कामाविरुद्ध आपलीच तक्रार जाते.

रूळ खरबरीत असतील आणि दुरुस्तीने सगळ्या मार्गांवर ३ डेसिबल कमी झाले असे धरले तर ६१.२ चे ५८.२ होतात, पुन्हा सर्व मजल्यांवर, लांबच्या गाड्यांसकट. रूळ आधीच गुळगुळीत असतील तर या कामातून काहीच मिळणार नाही, म्हणून आधी वहीतली ठोक्यांची नोंद बघावी.

वेग कमी करा, ही मागणी सभेत हमखास येते. ८० चा वेग ६० केला तर कमाल पातळी साधारण ३.७ डेसिबलने उतरते, पण गाडी जास्त वेळ समोर राहते म्हणून रात्रीच्या पातळीत फरक पडतो तो अडीचचा. त्यासाठी ठाण्याच्या पुढच्या सगळ्या वेळापत्रकाला हात लावावा लागेल. कळव्याच्या उपनगरी गाड्यांत लटकणाऱ्यांनीच ही मागणी नाकारावी.

आता भिंतीकडे परत येऊ. शिटी गेली, रूळ सुधारला, आणि मग भिंत आली तर दुसऱ्या मजल्याचा आकडा ५४.४ होतो. म्हणजे भिंतीने इथे ३.८ डेसिबल दिले. आधी बांधली असती तर तिने ०.७ दिले होते. तीच भिंत, तेच पैसे. बांधायचीच तर काही अटी ठरावात लिहून घ्याव्यात. वजन चौरस मीटरला किमान १५ ते २० किलो. खाली पाणी जाण्यासाठी सोडलेल्या फटी मागून झाकलेल्या, कारण उघडी फट सगळा फायदा खाते. रुळाकडची बाजू आवाज शोषणारी, नाहीतर डब्याची पत्रा-बाजू आणि भिंत यांच्यात आवाज आपटत वर चढतो आणि पाचव्या-सहाव्या मजल्यावर पूर्वीपेक्षा जास्त जातो. धातूचे खांब असतील तर वरून जाणाऱ्या २५ केव्हीच्या तारेमुळे अर्थिंग आणि बाँडिंग (खांब जमिनीला आणि एकमेकांना तारेने जोडणे) अनिवार्य. आणि ट्रॅकमनना बाहेर पडायला ठराविक अंतरावर आडोसा असलेली वाट.

५४.४ हा आकडा सोसायटीत एक वेगळाच पेच आणतो. खालचे मजले ५५ च्या उंबरठ्याखाली जातात; ४५ ची मर्यादा अजून मोडलेलीच, पण १० डेसिबलच्या आधारावरची त्यांची तक्रार संपते. वरचे मजले ५८.२ वर राहतात आणि त्यांची तक्रार जिवंत असते. खालच्यांचा रस आटतो, वरचे एकटे पडतात. म्हणून फेरमोजणी कोणत्या मजल्यावर होईल आणि पुढचा खर्च कसा वाटला जाईल, हे भिंत मंजूर होण्याआधीच ठरावात नोंदवावे.

वरच्या मजल्यांसाठी उरतात खिडक्या. ठाण्यात सर्रास दिसणारी दोन पट्ट्यांची सरकती ॲल्युमिनियम खिडकी बंद केली तरी ब्रश-पट्टीतून आवाज आत येतो. काच जाड केल्याने ती सुधारत नाही. खिडकीच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का जरी फट राहिली तरी २० डेसिबलच्या वर अडवणूक जात नाही. बाहेर उघडणारी, चारही बाजूंनी रबरी गॅस्केटवर दाबून बसणारी खिडकी आणि तिला लॅमिनेटेड काच हवी. जुनी खिडकी ठेवून आतल्या बाजूला सुमारे १०० मिलिमीटर अंतरावर दुसरी बसवली तर त्याहून चांगले. नीट बसवलेल्या खिडकीने ३० डेसिबल अडवले तर बाहेरच्या ५८ चे आत २८ होतात, आणि झोपण्याच्या खोलीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले ३० त्यात बसतात. एसी बसवताना पाइपसाठी पाडलेले भोक फोमने नव्हे, सिमेंट आणि सीलंटने बुजवावे. खिडकी बंद राहणार म्हणजे हवा दुसरीकडून हवी: रुळाच्या विरुद्ध बाजूच्या भिंतीत, आतून आवाज शोषणारे अस्तर लावलेल्या नळीतून येणारा छोटा पंखा. तो विसरला तर मे महिन्यात पहिल्याच रात्री खिडकी उघडली जाते.